प्रतिभेचे वेगळेपण : बहिणाबाई आणि मर्ढेकर यांच्या निमित्ताने

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात काव्यहेतूंवरचा प्रश्न वर्षाआड तरी हमखास पडतो, आणि त्याची उत्तरे जवळजवळ एकाच साच्यातून उतरलेली असतात. शक्ती, निपुणता आणि अभ्यास असे तीन काव्यहेतू मम्मटाने सांगितले, प्रत्येकाचा एक परिच्छेद, शेवटी उदाहरणे. शक्तीचे उदाहरण म्हणून बहिणाबाई चौधरी येतात, कारण त्या निरक्षर होत्या. निपुणतेचे उदाहरण म्हणून बा. सी. मर्ढेकर येतात, कारण ते विलायतेला जाऊन आले होते. अभ्यासाला उदाहरण सापडत नाही, म्हणून तो परिच्छेद दोन ओळींत आटोपतो. परीक्षक गुण देतो. आणि त्याला ते द्यावेच लागतात, कारण उत्तर पाठ्यपुस्तकाबरहुकूम असते.

या उत्तरातली पहिली चूक व्याकरणाची आहे, आणि ती क्षुल्लक नाही. मम्मटाने ‘हेतू’ हा शब्द एकवचनात योजला आहे. ही तिन्ही मिळून काव्याचा एक हेतू होतो, सुटी सुटी तीन कारणे होत नाहीत, हे त्याने वृत्तीत स्वतःच स्पष्ट केले आहे. दंडीने त्याच्याही आधी अशी सवलत ठेवली होती की, नैसर्गिक प्रतिभा नसली तरी अध्ययन आणि सायास यांच्या बळावर वाग्देवी थोडाफार अनुग्रह करते. पुढे सतराव्या शतकात जगन्नाथ पंडिताने उलट टोक गाठले आणि केवळ प्रतिभा हेच कारण मानले. या दोघांच्या मधे मम्मट उभा आहे, पण तडजोड म्हणून नव्हे. त्याचा आग्रह असा की, काव्य एकदा घडले म्हणजे त्यातले शक्तीचे किती आणि निपुणतेचे किती हा हिशेब मांडता येत नाही. पिठातून दळणाऱ्या हाताचा जोर वेगळा काढून दाखवता येत नाही, तसेच हे. आणि हा हिशेब मांडता येत नसेल, तर प्रतिभावंताला केवळ बुद्धिमान, केवळ कुशल अशा माणसापासून कशाच्या आधारे वेगळे काढायचे? प्रश्न जुना आहे. मराठीत तो एका विशिष्ट काळात, पाच वर्षांच्या अंतराने प्रसिद्ध झालेल्या दोन पुस्तकांनी फार ठळकपणे समोर ठेवला. ‘कांही कविता’ १९४७ साली निघाले आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ साली.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या असोद्याचा. तेराव्या वर्षी लग्न, तरुणपणीच वैधव्य, शेती, मुले. अक्षरओळख नाही. चिरंजीव सोपानदेव यांनी आणि एका आप्ताने जी गाणी वेळोवेळी टिपून ठेवली ती वही बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात वारल्यानंतर आचार्य अत्र्यांच्या हाती आली, आणि त्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघाले. ही हकीकत इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिला दंतकथेचा आकार आला आहे. त्या दंतकथेचा गाभा ‘चमत्कार’ हा शब्द आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या कुणब्याच्या बाईने असे काव्य रचावे हा चमत्कार. प्रशंसा म्हणून हा शब्द वापरणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका नको. तथापि त्या शब्दात एक नकळत घडलेला अवमान दडलेला आहे. आश्चर्य वाटते ते कशाचे? अक्षर नाही तेथे ज्ञान असणार नाही, असे आधीच गृहीत धरलेले असते. मग ज्ञान दिसले की ते आकाशातून पडले असे म्हणण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

मम्मटाने असे गृहीत धरलेले नव्हते. निपुणता कशाच्या अवलोकनातून येते ते सांगताना त्याने शास्त्र आणि काव्य यांच्याही आधी ‘लोक’ हा शब्द ठेवला आहे. लोक म्हणजे स्थावरजंगम सृष्टी आणि माणसांचे व्यवहार. या व्याख्येने पाहिले तर बहिणाबाई अव्युत्पन्न नव्हत्या. पुष्कळ पदवीधरांपेक्षा त्या अधिक व्युत्पन्न होत्या. पेरणीपासून रास घरी येईपर्यंतच्या प्रत्येक कामाचे नाव, त्याची चाल, त्यात लागणारा वेळ आणि त्यात मोडणारे अंग त्यांना ठाऊक होते. सण, व्रते, कीर्तनातून कानी पडलेली पुराणे, लग्नातल्या आणि मर्तिकाच्या वेळच्या रीती, शेजारणीचे स्वभाव, हे सारे त्यांच्याजवळ होते. आणि छंदाचे शिक्षण? ते घरोटापाशी झाले. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. खुंटा धरलेला हात एक फेरा पुरा करतो तेवढ्यात ओवीचा चरण पुरा व्हावा लागतो. दुसऱ्या हाताने वैरण घालताना श्वास जेथे अडतो तेथेच यती पडतो. वृत्तदर्पण पाठ करणाऱ्याला मात्रा मोजाव्या लागतात, दळणारणीला त्या दंडात कळतात. वर्षानुवर्षे, पहाटेच्या पहाटे, ही तालीम चालली होती. तिला मम्मटाचा ‘अभ्यास’ हा शब्द लावण्यास काय हरकत आहे, हे कळत नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ज्या परिच्छेदाला उदाहरण सापडत नव्हते, त्याचे उदाहरण पहिल्याच परिच्छेदात येऊन बसलेले होते.

येथवर आले की चमत्काराचा बहुतेक भाग विरून जातो, आणि मग खरी अडचण उभी राहते. कारण हे शिक्षण एकट्या बहिणाबाईंचे नव्हते. असोद्यात, जळगावात, साऱ्या महाराष्ट्रात घरोघरी बायका दळत होत्या आणि गात होत्या. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये अशा ओव्या गोळा केल्या, पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. तोच लोक, तोच छंद, तोच अभ्यास. त्या ओव्यांत उत्तम काव्य विखुरलेले आहे. हा संग्रह वाचताना एखाद्या अनामिक ओवीपाशी थबकावे लागते असे वारंवार घडते. तरीही लाखभर ओव्या एकीकडे ठेवल्या आणि बहिणाबाईंची थोडी गाणी दुसरीकडे ठेवली, तर या दोहोंत फरक आहे, आणि तो कमीअधिक गुणवत्तेचा नाही, जातीचा आहे.

ओवीत प्रतिमा ठरलेली असते. माहेरची वाट, भाऊराया, सोन्याची सावली, तुळस. ओवी गाणारी त्या प्रतिमेत आपले दुःख ठेवते, आणि प्रतिमा ते दुःख सांभाळते. देवघरातल्या समईत प्रत्येक पिढीने आपले तेल घालावे तसे. बहिणाबाईंच्या गाण्यात प्रतिमा विचार करू लागते. मनावरचे त्यांचे सुप्रसिद्ध गाणे घ्यावे. मन उभ्या पिकात शिरणाऱ्या ओढाळ गुरासारखे आहे, या निरीक्षणापाशी कोणतीही चांगली ओवी थांबली असती, आणि चांगली ओवी म्हणून लक्षात राहिली असती. बहिणाबाई थांबत नाहीत. गुरू हाकलता येते, पण पुन्हा येते. मग लाटा, मग वारा, मग पाखरू, मग विंचूसापाच्या विषाशी तुलना, आणि त्यात तारतम्य असे की त्या विषावर निदान उतारा असतो. पुढे मनाचा आकार खसखशीच्या दाण्याएवढा आणि आभाळाएवढा. प्रत्येक प्रतिमा आधीच्या प्रतिमेला अपुरी ठरवते आणि म्हणूनच येते. ही केवळ मालिका नाही, हा युक्तिवाद आहे. शेवटी तो मनाच्या व्याख्येवर न थांबता देवापाशी जाऊन ठेपतो, आणि असले काही घडवण्याची कल्पना तुला सुचली तरी कशी, अशी देवाचीच झडती घेतली जाते. एका कारागिराने दुसऱ्याच्या कामाविषयी विचारावे, तो स्वर त्यात आहे. भक्तीची भाषा तीच, पण नाते बदलले. असे वळण त्या लाखभर ओव्यांत शोधूनही क्वचितच मिळते.

या संदर्भात एक गोष्ट जरा अवघड असली तरी बोलली पाहिजे. सोपानदेव चौधरी हे स्वतः कवी होते, जाणकार होते, त्यांच्या कविता रसिकांना परिचित होत्या. घर तेच, बोली तीच, आईचे गाणे तर त्यांनी जन्मापासून ऐकलेले. शिवाय शाळा, ग्रंथ आणि कवींचा सहवास यांची भर. आनुवंशिकता आणि परिस्थिती यांच्या बेरजेतून प्रतिभा निघते असे असते, तर ती मुलात दुप्पट निघावयास हवी होती. त्यांच्या कवितेत सफाई आहे, गोडवा आहे. पण आज वाचक सोपानदेवांकडे जातो तो आईच्या वहीसाठी. आईच्या गाण्यांवर मुलाचा हात किती फिरला असेल, या शंकेलाही येथेच परस्पर उत्तर मिळते. असा हात ज्याच्यापाशी होता, त्याने तो स्वतःच्या कवितेवर का फिरवला नसता? सोपानदेवांचे मोठेपण वेगळ्या ठिकाणी आहे, त्याकडे पुढे यावयाचे आहे.

मर्ढेकरांचे उदाहरण याच्या उलट दिशेने येते. तेही जन्माने खानदेशचेच. पण फर्ग्युसन कॉलेज, आय. सी. एस.च्या परीक्षेसाठी इंग्लंड, पाश्चात्त्य साहित्य आणि सौंदर्यशास्त्र, नभोवाणीतली नोकरी असा त्यांचा प्रवास. येथे तुलना दोन माणसांची करण्याची गरज पडत नाही. एकाच माणसाची दोन पुस्तके शेजारी ठेवली की पुरे. ‘शिशिरागम’ १९३९ सालचे. त्या कवितांवर बालकवींची आणि माधव जूलियनांची छाया आहे असे म्हटले जाते आणि ते खरे आहे. विफल प्रेमाची हळवी हुरहूर, नेटकी रचना, सुसंस्कृत शब्दकळा. ते पुस्तक वाईट नाही. ते तसे असावे हेच बोधप्रद आहे. कारण मर्ढेकरांची व्युत्पत्ती तोवर जवळजवळ पुरी झालेली होती. ‘आर्ट्स अँड मॅन’ १९३७ साली निघून गेले होते. ‘वाङ्मयीन महात्मता’ १९४१ साली आले, आणि त्यात त्यांनी लेखकाच्या लेखनगर्भ आत्मनिष्ठेला वाङ्मयीन थोरवीचे गमक मानले. म्हणजे थोर वाङ्मय कशाने थोर होते याची मीमांसा ते करत होते, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या नावावर केवळ एक गोड कवितासंग्रह होता. मीमांसा पुष्कळांनी वाचली. तिच्यातून दुसऱ्या कोणाला ‘कांही कविता’ लिहिता आले नाही.

मधल्या आठ वर्षांत काय घडले याची उत्तरे अभ्यासकांनी दिलेली आहेत. महायुद्ध, मुंबईचे यांत्रिक जीवन, एलियटचा प्रभाव, खाजगी आयुष्यातली पडझड. ही सर्व कारणे खरी असतील. पण युद्ध साऱ्या जगाचे होते, लोकलगाड्या लाखो माणसांच्या होत्या, आणि एलियट विद्यापीठातल्या कोणत्याही इंग्रजीच्या अध्यापकाच्या कपाटात होता. कारणे सामान्य असून कार्य असामान्य निघते तेव्हा कारणांची यादी वाढवून उपयोग होत नाही. त्यापेक्षा घडलेल्या गोष्टीकडे पाहावे. पिपात मरून पडलेल्या उंदरांची कविता लिहिणाऱ्या या अत्याधुनिक कवीने छंद निवडले ते ओवी-अभंगाच्या कुळातले, आणि स्वर उचलला तो तुकाराम-रामदासांचा. कारखान्याचा भोंगा, पंक्चर झालेली रात्र, दिव्यांचे खांब, हे सर्व त्या जुन्या, सश्रद्ध लयीत बसले आणि त्या लयीतली श्रद्धा करवतीसारखी कापू लागली. बहिणाबाई जात्यापासून जेथे पोचल्या, तेथे मर्ढेकर लंडनमार्गे आले. दोघांनीही नवा छंद शोधला नाही. उलट, ज्याचा वापर होऊन होऊन तळ झिजला आहे असे भांडे दोघांनी उचलले.

प्रतिभा म्हणजे नावीन्य, ही समजूत म्हणून फारशी टिकत नाही. नवनवीन उन्मेषांनी शोभणारी प्रज्ञा असे प्रतिभेचे जे लक्षण भट्टतौताच्या नावे सांगितले जाते, त्यातल्या ‘नव’ या शब्दावर मराठी समीक्षेने अवाजवी भार टाकला असावा. अभिनवगुप्ताचा ‘अपूर्व’ हा शब्द अधिक नेमका आहे. नवे ते नुसते काळाने नंतरचे असते. अपूर्व ते आल्यावर त्याच्या पूर्वीचेही बदलते. ‘कांही कविता’ वाचल्यानंतर रामदासांची करडी शब्दकळा पूर्वीसारखी वाचता येत नाही. बहिणाबाई वाचल्यानंतर जात्यावरच्या ओवीतला विचार ऐकू येऊ लागतो, जो आधीही तेथे होता पण पाळण्याच्या लयीत झाकला जात असे. पाश्चात्त्यांपैकी कांटने १७९० सालच्या आपल्या तिसऱ्या चिकित्साग्रंथात या अंगाचा विचार केला आहे. कलेला नियम देणारी निसर्गदत्त शक्ती ती प्रतिभा, अशी व्याख्या करून तो लगेच सावध करतो की निव्वळ निराळेपणा हा निराळा मूर्खपणाही असू शकतो. म्हणून प्रतिभेची निर्मिती अनुकरणीय नव्हे, पण आदर्शभूत असली पाहिजे. अनुकरण आणि अनुसरण असा भेद मराठीत सहज करता येईल. मर्ढेकरांचे अनुकरण पन्नाशीच्या दशकात उदंड झाले; जोडशब्दांची मोडतोड आणि इंग्रजी शब्दांची पेरणी करणारी ती कविता आज कोणाला आठवत नाही. त्यांचे अनुसरण ज्यांनी केले ते अरुण कोलटकर, दिलीप चित्रे मर्ढेकरांसारखे मुळीच लिहीत नाहीत.

कांटचे एक मत मात्र पटत नाही. न्यूटनला तो या अर्थाने प्रतिभावंत मानत नाही, कारण न्यूटन आपल्या शोधाची प्रत्येक पायरी इतरांना दाखवू शकतो, कवीला ते जमत नाही. रामानुजन त्याला ठाऊक असण्याचा संभव नव्हता. १९१३ साली हार्डीला पाठवलेल्या पत्रात प्रमेयांची रांग होती आणि सिद्धता जवळजवळ नव्हत्या. त्या कोठून येतात याविषयी तो नामगिरी देवीचे नाव घेत असे. बहिणाबाईंनी आपल्या गाण्याचे श्रेय सरस्वतीला दिले आहे. दोन्ही ठिकाणी आधुनिक अभ्यासक ओशाळून हसतो आणि पुढे जातो. वस्तुतः ‘कसे सुचले ते मला ठाऊक नाही’ हे प्रामाणिकपणे सांगण्याची त्या दोघांपाशी असलेली ती भाषा होती. तिच्यात गूढवाद कमी आणि अचूकपणा जास्त आहे.

रामानुजनच्या पत्राची आठवण दुसऱ्याही कारणाने होते. हार्डीच्या आधी केंब्रिजच्या आणखी दोन गणितज्ञांना त्याने लिहिले होते असे सांगतात. त्यांच्याकडून काही निष्पन्न झाले नाही. राजशेखराने प्रतिभेचे कारयित्री आणि भावयित्री असे दोन भाग केले, त्यापैकी दुसऱ्याला मराठी अध्यापनात एका वाक्यापलीकडे जागा मिळत नाही. पण त्याने भावकांचे जे चार प्रकार दिले आहेत ते फार मार्मिक आहेत. अरोचकी, म्हणजे ज्याला काहीच रुचत नाही तो, सतृणाभ्यवहारी, म्हणजे धान्याबरोबर गवतही खाणारा, मत्सरी, आणि तत्त्वाभिनिवेशी, जो हजारांत एखादा. मराठी समीक्षेतली नियतकालिके चाळली तर पहिल्या तिघांची हजेरी भरगच्च दिसते. ‘कांही कविता’वर अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून मर्ढेकर निर्दोष सुटले, पण एका कवीला आपली कविता न्यायालयात नेऊन सोडवावी लागली. त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथाला, १९५६ साली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले. कवितेपेक्षा मीमांसेचा सन्मान करणे सोपे असते; मीमांसेतली प्रत्येक पायरी दाखवता येते.

सोपानदेवांचे मोठेपण येथे आहे. स्वतः कवी असून, आपल्यापेक्षा वरच्या जातीचे काही शेजारच्या खोलीत गायले जात आहे हे त्यांनी ओळखले, आणि ते लिहून घेतले. अत्र्यांची दाद नंतरची. पहिला तत्त्वाभिनिवेशी भावक घरातच होता. त्याने लेखणी उचलली तोवर किती गाणी हवेत विरली होती, याची मोजदाद नाही. टिपून ठेवलेली गाणी हा त्या गळ्याचा एक भाग आहे, एवढेच निश्चित. आज जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचे नाव आहे. त्याच्या पदवीप्रमाणपत्रावर छापलेले आपले नाव त्यांना स्वतःला वाचता आले नसते.

काही वर्षांपूर्वी एका पदव्युत्तर वर्गात हे सारे शिकवून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले होते, की तिची आजीही दळताना गात असे, घरात कोणी ते लिहून घेतले नाही. ती बहिणाबाईंसारखी होती की त्या लाखातली एक होती, हे आता कशावरून ठरवायचे? अध्यापकाने राजशेखर सांगितला, आनंदवर्धन सांगितला; व्युत्पत्तीची उणीव शक्तीने झाकली जाते, शक्तीची उणीव मात्र तत्काळ उघडी पडते, हे सांगितले. ती म्हणाली की हे गाणे समोर असेल तर. मग तिला आजीचे जे आठवत असेल ते लिहून आणण्यास सांगण्यात आले. पुढच्या आठवड्यात तिने एक कागद आणला. त्यावर दीड ओवी होती. उरलेली अर्धी तिने गावाकडच्या आत्याला विचारली होती. आत्याला ती आठवत होती, पण वेगळी, आणि ती आपल्या आईने नव्हे, शेजारच्या घरातल्या कोणीतरी म्हटलेली असावी असे आत्याचे म्हणणे पडले.